मयत सभासदांच्या नावावर

मला धक्का लवकर बसतो. मांजरानं कपाटावरून उडी मारली तरी माझा चहा बशीत येतो. अशा माणसानं बाईंच्या हाताखाली चार वर्षं काढली, हे बाईंना ओळखणाऱ्या कोणाला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतो.

बाई आमच्या गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. आमचं गाव नांदुऱ्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. गाव मोठं नाही, पण मंगळवारचा बाजार मोठा. वाचनालय बाजाराला लागूनच, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि पुरुष, आतल्या खोलीत पुस्तकं आणि बाई. मी मराठीत एम. ए. झालेला, प्राध्यापक होण्याच्या परीक्षा देऊन देऊन थकलेला, म्हणून तिथं लिपिकाच्या जागेवर चिकटलो. पहिल्या दिवशी हजर झालो तेव्हा बाई एका जाड कादंबरीत नाक खुपसून बसल्या होत्या. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा केसांत, मांडीवर फुटाण्यांची पुडी. वर न बघताच त्यांनी विचारलं, "पुस्तक वाचून रडता का?"

"अं?"

"रडता का म्हणते मी. शेवटचं कधी रडलात?"

मी घसा साफ करून सांगितलं की मी प्रामुख्यानं गंभीर साहित्य वाचतो. बाईंनी पान उलटलं. "म्हणजे नाही रडत. बरं, वर्तमानपत्रं आणि पत्रव्यवहार तुम्ही बघा. कोणाला काय वाचायला द्यायचं ते मी बघते, सर."

हे "सर" माझ्या एम. ए.ला उद्देशून होतं. चार वर्षं त्या मला सर म्हणत राहिल्या आणि तो मान आहे की चिमटा आहे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई मूळच्या बीबीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. त्यांच्या बोलण्याला मराठवाड्याचं वळण होतं आणि आमच्या "मले-तुले"ला त्या बिनदिक्कत हसायच्या. वय पन्नाशीच्या पुढचं. लग्न झालं होतं, नवरा लवकर वारला, एवढं गावाला माहीत होतं. त्याबद्दल त्या माझ्यापाशी एकदाच बोलल्या. मी काहीतरी सांत्वनाचं पुटपुटलो, तर म्हणाल्या, "पहिल्या चाळीस पानांतच संपलं, सर. कथानक काही उभंच राहिलं नाही." आणि फुटाणा तोंडात टाकला. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

बाई दोनच प्रकारची पुस्तकं पुस्तकं मानायच्या, प्रेमाची आणि रहस्याची. दोन्ही एकत्र असतील तर फारच उत्तम. बाकीची कपाटं त्या झाडायच्या, पुसायच्या, वाळवीपासून जपायच्या, पण ओलांडून जायच्या. "प्रेम नाही आणि प्रेतही नाही, मग दोनशे पानं माणसानं करायचं काय?" असं त्या मला, एम. ए. झालेल्या माणसाला, सरळ तोंडावर विचारायच्या. मी लाल व्हायचो. मी बोट दाखवून त्यांना काही थोर नावं ऐकवायचो. त्या म्हणायच्या, "असतील. तुम्ही वाचा, मला सांगू नका."

नवीन पुस्तकं निवडायची त्यांची रीत तर मी कुठंच पाहिली नाही. पुस्तकविक्रेता वर्षातून दोनदा गठ्ठे घेऊन यायचा. बाई मुखपृष्ठ बघायच्या नाहीत, लेखकाचं नाव बघायच्या नाहीत, थेट चाळिसावं पान उघडून उभ्या उभ्या वाचायच्या. "पहिलं पान सगळेच नटवतात," त्या म्हणायच्या, "चाळिसाव्यावर लेखक दमलेला असतो. तिथं तो कसा चालतो ते बघायचं." एकदा विक्रेत्यानं पुरस्कार मिळालेली कादंबरी पुढं केली. बाईंनी चाळिसावं पान वाचलं आणि परत केली. "याला इथं झोप लागली आहे." विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार, मी छताकडे बघायला लागलो.

त्याच गठ्ठ्यात तळाला एक पातळ पुस्तक होतं. एका एसटी कंडक्टरनं पदरमोड करून छापलेलं, मुखपृष्ठ असं की हात लावायला लाज वाटावी. बाईंनी चाळिसावं पान उघडलं. मग एकेचाळिसावं. मग त्या खुर्चीवर बसल्या. विक्रेत्याचा चहा गार झाला, त्याची पुढची बस गेली, पण बाई उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "याच्या पाच प्रती." आणि मागच्या पानावर छापलेल्या नंबरावर तिथल्या तिथं फोन लावला. "लेखक बोलतात का? तुमचा खुनी मला सत्तराव्या पानावर कळला. तो एकटाच कोणाला घाबरत नाही, म्हणून कळला. पण ती पोरगी चांगली लिहिलीत. पुढच्या वेळी खुन्यावर मेहनत घ्या." मी खुर्चीला धरून उभा होतो. लेखकाशी असं बोलतात? सहा महिन्यांनी त्या कंडक्टरचं दुसरं पुस्तक पोस्टानं आलं, सोबत चिठ्ठी, की ताई, या वेळी कितव्या पानावर कळतो ते कळवावं. बाईंनी कळवलं, एकशे दहाव्या. "सुधारतोय," मला म्हणाल्या, आणि दिवसभर खुशीत होत्या.

मोबाईलवर रोज एक भाग लिहिणारी कुठलीशी एक कॉलेजची मुलगीही त्यांनी अशीच शोधली. तिचे सगळे भाग नांदुऱ्याला जाऊन छापून आणले, बांधणी केली, दाखल क्रमांक टाकला आणि कपाटात ठेवले. मी म्हणालो, बाई, हे पुस्तक नाही. बाई म्हणाल्या, "आता झालं."

एक निवृत्त जमादार रोज यायचे. त्यांना खून लागायचा, दुसरं काही नको. एकदा बाईंनी न सांगता त्यांच्या हातात प्रेमाची कादंबरी दिली. आठ दिवसांनी जमादार आले ते संतापलेले. "बाई, थे पोरगी सांगत काऊन नाही त्याले? येका वाक्याचं काम हाय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरी हाय काय अशी? अन् रजिस्टरमंधी खुनाचं लिवा." बाईंनी तसं लिहिलं नाही. रजिस्टरात पुस्तकाचं खोटं नाव त्या कधीच लिहीत नसत. जमादार चडफडत, पेपरात गुंडाळून पुस्तक घेऊन गेले.

याच जमादारांनी एकदा अकोल्याच्या दवाखान्यातून फोन केला. उद्या ऑपरेशन होतं आणि पुस्तक अर्धं राहिलं होतं. "बाई, मारलं कोनं थे सांगून टाका. उद्या काय होते काय नाही." मीसुद्धा खुणा केल्या, की सांगा हो, सांगा. बाई म्हणाल्या, "शेवट मी कोणाला सांगत नसते. परत या आणि वाचा." फोन ठेवला. मला त्यांचा इतका राग आला की मी त्या दिवशी त्यांनी दिलेले फुटाणे घेतले नाहीत. जमादार नऊ दिवसांनी काठी टेकत आले आणि सगळ्यांत आधी पुस्तक मागितलं.

मंगळवारी मात्र बाई मला वाचनालयात टिकू द्यायच्या नाहीत. मंगळवारी दुपारी बायकांची देवघेव असायची. बाजाराला आलेल्या बायका पिशव्या घेऊन मागच्या दारानं आत यायच्या आणि बाई मला पोस्टात, बँकेत, नाहीतर मासिकं बांधायला नांदुऱ्याला पिटाळायच्या. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा, आपण कशाला थांबा. एवढंच दिसायचं की बायकांच्या कपाटातल्या पुस्तकांना बाईंनी भलतीच वेष्टनं घातली आहेत. "बचतगट मार्गदर्शिका", "गरोदरपणातील काळजी", "लोणच्याचे शंभर प्रकार". वळणदार अक्षरात, बाईंच्याच हातची. मला आपलं कौतुक वाटलं, की चला, बायका काहीतरी उपयोगाचं वाचतात.

वार्षिक तपासणी जवळ आली होती. तपासणीत वाचनालयाचा वर्ग घसरला असता तर अनुदान घटलं असतं, म्हणून रजिस्टरं नीट करायची होती. बाई ताप येऊन दोन दिवस घरी होत्या. देवघेवीचं रजिस्टर मी प्रथमच सावकाश उघडलं आणि महिन्याभरापूर्वीच्या एका मंगळवारच्या पानावर थांबलो. एका सभासदाच्या नावावर प्रेमाची कादंबरी गेली होती, आणि त्या सभासदाच्या तेराव्याला मी स्वतः जेवून आलो होतो. दोन वर्षांपूर्वी. बुंदी होती.

मी आणखी एक नाव बघितलं. ते आजोबा मी शाळेत असताना गेले होते. आणखी एक. मेलेली माणसं दर मंगळवारी येऊन प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या नेत होती आणि वेळेवर परत करत होती. पुढं बघायचं मला धाडस झालं नाही. बाईंना विचारावं, हेही सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण चार वर्षांच्या "सर"चा राग मनात होता. मी त्याच दुपारी वाचनालयाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. देवघेव रजिस्टरमध्ये मयत सभासदांच्या नावांवर बोगस नोंदी आढळल्या असून सखोल चौकशी व्हावी. खाली सही केली. आयुष्यात मी इतकं मुद्देसूद पत्र दुसरं लिहिलं नाही.

रविवारी सकाळी बैठक बसली. अध्यक्ष खता-बियाण्याचे दुकानदार, बाकी चार सदस्य, एका खुर्चीवर बाई, आणि टिपणं घ्यायला मी. अध्यक्षांनी माझं पत्र मोठ्यानं वाचलं, सहीसकट. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मग अध्यक्षांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं, मागच्या मंगळवारचं पान काढलं आणि पहिलं नाव वाचलं.

ते माझ्या वडिलांचं होतं.

"तुह्या बापाचं नाव हाय बे हे," अध्यक्ष म्हणाले. "त्याले जाऊन तीन वर्सं झाले न?"

माझ्या हातातला पेन खाली पडला. माझे वडील जन्मात बाजारभावाशिवाय काही वाचणारे नव्हते. वाचनालयाच्या सभासद मोहिमेत कोणीतरी त्यांचं नाव घातलं होतं, एवढंच. आणि मला आठवलं, घरी चार दिवस झाले, आई दुपारची उंबऱ्यात बसून "लोणच्याचे शंभर प्रकार" वाचत होती. चार दिवस! आणि मी तिला विचारलं होतं, "कोणतं घालतेस मग?" ती म्हणाली होती, "आजून ठरलं नाही."

वेष्टनांची आणि मयत नावांची ती क्लृप्ती मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळली. बाईंच्या नियमात नोंदीशिवाय पुस्तक दाराबाहेर जात नसे. आणि देवघेवीचं रजिस्टर तर बाहेरच्या टेबलावर उघडं असतं. कोणाचा सासरा, कोणाचा दीर, कोणीही चाळतो. फार पूर्वी एका सासऱ्यानं त्यात सुनेचं नाव बघितलं होतं आणि पुस्तक चुलीत गेलं होतं. हे मला नंतर जमादारांनी सांगितलं. तेव्हापासून बाईंनी जिवंत बायकांची नावं लिहिणं बंद केलं. जिनं तिनं आपल्याच घरातला मयत सभासद निवडायचा, म्हणजे दुसऱ्याच्या नावाला बोट लागत नाही. त्यामुळे रजिस्टरातलं एकेक नाव वाचलं, की त्या घरात कोण वाचतं ते उघडं पडणार होतं.

अध्यक्षांनी दुसरं नाव वाचलं. समोर बसलेल्या उपाध्यक्षांच्या आईचं होतं. उपाध्यक्षांच्या घरी बाईमाणूस म्हणजे त्यांची बायको तेवढी. ते हातातल्या सुपारीकडे बघत राहिले. अध्यक्षांचं बोट तिसऱ्या ओळीवरून चौथ्या ओळीवर गेलं आणि तिथं थांबलं. त्यांनी ते नाव वाचलं नाही. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदललेला मी बघितला.

बाई उभ्या राहिल्या. "पुढं वाचू नका. ही सगळी पुस्तकं मी नेली. सभासदाला एका वेळी दोनच मिळतात, माझं दोनात भागत नाही. म्हणून मयतांच्या नावावर काढत होते."

"सगळे तुम्हीच वाचले?" अध्यक्षांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. पण एक सदस्य वकिलाकडे कारकुनी केलेले होते, ते सहजी सोडेनात. "येवढे? आमाले कसं खरं वाटन? हे पाहा, हे जिनिंगमंधल्या मुडद्याचं. सांगा बरं, कोनं मारलं?"

मला वाटलं आता त्या नेहमीसारख्या फटकारणार. त्यांनी केसांतला चष्मा काढला, पुसला, परत केसांत खोचला. आणि सांगितलं.

"वजनकाट्यावरच्या माणसानं. मालकाच्या धाकट्या सुनेवर त्याचा जीव होता. मुडदा रुईच्या गाठीत बांधला. गाठीचं वजन त्यानंच लिहिलं, म्हणून कोणाला संशय आला नाही."

"अन् हे?"

"त्या दोघा डॉक्टरांचं लग्न होत नाही. तिची बदली होते. तो निरोपाला स्टेशनवर येतो आणि गाडी सुटेपर्यंत पुलावरच उभा राहतो."

"काऊन? खाली काऊन नाही उतरत?" हे उपाध्यक्ष.

"उतरला असता तर तिनं बदली रद्द केली असती, म्हणून."

एकामागून एक त्या शेवट सांगत गेल्या. ज्या बाईनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणसाला खुनी सांगितला नव्हता, ती पाच पुरुषांपुढं उभी राहून खुनी सांगत होती, विरह सांगत होती, कोण परत आलं आणि कोण आलंच नाही ते सांगत होती. त्यांचा आवाज कुठंही हलला नाही, पण प्रत्येक शेवटानंतर त्या थोडं थांबायच्या, आणि ते थांबणं मला बघवत नव्हतं. आणि ते पाचजण! ते चौकशी विसरले. पुढं सरकून बसले. एकानं तर हात वर केला, "बाई, हे नका सांगू, हे मी वाचतो." तास गेला. बाहेर माणसं पेपर वाचायची थांबून कान देत होती.

मला वाटलं, आता हे बाईंना सोडून देणार. एवढं रंगून ऐकल्यावर कसे नाही सोडणार? अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, घसा खाकरला आणि ठराव सांगितला. बाईंना पदावरून कमी करावं, सभासदत्व कायमचं रद्द करावं. सूचक, अनुमोदक, मंजूर. ठराव माझ्याच हातानं लिहिला गेला.

त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं की बाई खोटं बोलल्या. अध्यक्षांना माहीत होतं, उपाध्यक्षांना माहीत होतं, मला तर होतंच. एकजण उठून म्हणाला असता, "ती पुस्तकं माझ्या घरी येत होती," तर काम झालं असतं. कोणी उठलं नाही. मीही उठलो नाही. याची लाज मला आजच वाटते असं नाही, तिथं बसल्या बसल्याच वाटत होती. तरी उठलो नाही.

जाताना बाईंनी किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या. "कंडक्टरचं नवीन पुस्तक पोस्टात येईल, सोडवून घ्या." दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं, सर."

घरी आई वाट बघत होती. बातमी माझ्याआधी पोचली होती. तिनं फक्त विचारलं, "पत्र कोनं लिवलं होतं?"

"मी."

ती आत गेली. तांदळाच्या डब्यातून "लोणच्याचे शंभर प्रकार" काढून आणलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. मध्ये बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं, अर्ध्याच्या थोडं पुढं.

"हे जमा कर."

"वाचून तर होऊ दे."

"कोनाच्या नावावर वाचू? तुहा बाप गेला तवा तेरा दिवस लोकं आले. चौदाव्या दिवशी कोनीच नाही. तू भाहेर बसून मोबाईल पाहे. बाई आली. मले म्हने, घरात बसून भितीकडे पाहून राह्यली त्यापरीस हे पाह्य. म्या म्हनलं, मले चौथीपावतर येते. बाई म्हने, लय झालं, प्रेमाले चौथी पुरते." आई एवढं सलग कधी बोलली नव्हती. "तुले येका सबदानं इचारता नाही आलं तिले?"

आईनं त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं आणि ते पाळलं.

बाईंची जागा मला मिळाली. आतल्या खोलीत मी बसायला लागलो. मंगळवारी बायका बाजाराला यायच्या, मागच्या दारावरून पिशव्या घेऊन पुढं जायच्या, आत कोणी वळायची नाही. जमादार एकदा आले, कपाटासमोर उभे राहिले, मला विचारलं, "नवीन काय चांगलं हाय?" मी नेहमीची थोर नावं घेतली. ते काठी टेकत निघून गेले. कंडक्टरचं पार्सल मी पोस्टातून सोडवलं आणि तसंच बांधलेलं टेबलावर ठेवलं. असे चार महिने गेले. एके दिवशी जेवताना आई ताटाकडे बघत म्हणाली, "बाईले पाहून ये."

बीबीला जायचं म्हणजे दिवस मोडतो. खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली, सुलतानपूर ओलांडून बीबीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. बाई भावाकडे राहत होत्या. भाऊ शेतात, भावजय शेतात, बाई ओसरीवर एकट्या. दोन्ही चष्मे डोक्यावर. मला बघून त्यांना आनंद झाला की नाही ते कळलं नाही, पण पाणी दिलं, चहा टाकला. मी माफी मागण्यासाठी वाक्यं जुळवून आणली होती. ती सुरू करणार तेवढ्यात सहज आत नजर गेली, आणि मला जो धक्का बसला त्यापुढं आधीचे सगळे काहीच नव्हते.

घरात एक पुस्तक नव्हतं. फळीवर नाही, खाटेवर नाही, उशाशी नाही. सगळ्या गावाला नवे लेखक शोधून देणाऱ्या या बाईच्या मालकीचं जन्मात एकही पुस्तक नव्हतं. सगळं वाचनालयाचं, वाचायचं आणि जमा करायचं. आम्ही सभासदत्व रद्द केलं तेव्हा तिचं वाचणंच बंद करून टाकलं होतं, आणि हे आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खाटेवर सोयाबीन बियाण्याची एक रिकामी पिशवी होती. नीट घडी घातलेली, अक्षरं वर येतील अशी.

"हे वाचता?"

"हौ. तीनदा झालं. भाच्याचं पाचवीचं पुस्तकही झालं," बाई म्हणाल्या. "पिशवीचा शेवट पहिल्या ओळीतच कळतो. पेरणीच करायची असते."

"इथल्या वाचनालयात का नाही जात?"

"ठराव माझ्याआधी इथं पोचला, सर. मेलेल्यांच्या नावावर पुस्तकं नेणारी बाई. बघायला येतात लोक." मग त्या थोड्या पुढं झुकल्या. चार महिन्यांचा उपाशी माणूस ताटाकडे बघेल तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते जाऊ द्या. नवीन काय आलं? कंडक्टरचं आलं का? कितव्या पानावर कळतो?"

मी वाचलं नव्हतं. पार्सल फोडलंही नव्हतं. हे सांगताना माझी मान वर होईना. माझी जुळवून आणलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी एवढंच म्हणू शकलो, "चुकलो, बाई. फार चुकलो."

बाईंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"मी पुस्तकं आणून देत जाईन," मी म्हणालो. "दर महिन्याला. मीच येईन."

"कोणाच्या नावावर काढाल?" त्यांनी विचारलं. "माझं तर रद्द आहे. आणि मयतांच्या नावावर आता चालायचं नाही."

"माझ्या."

चार वर्षांत मी बाईंना दचकलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. त्यांनी डोक्यावरचा एक चष्मा डोळ्यांवर आणला आणि मला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"मग प्रेमाचं आणा," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी म्हणून लिहायचं नाही. आणि उगाच खुनाचं काढून सुटका करून घ्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी बाहेरची खोली पेपर वाचणाऱ्यांनी भरलेली असताना मी देवघेवीचं रजिस्टर उघडलं आणि प्रेमाच्या कादंबरीचं पूर्ण नाव लिहून पुढं माझं नाव लिहिलं. रजिस्टर तिथंच टेबलावर उघडं असतं. कोणीही बघावं.